चौघांची चाल: मदतनिधीसाठी लांब पल्ला चालायचा असेल तर

एखाद्या कामासाठी पैसे उभे करायचे आणि त्यासाठी पायी मोठे अंतर चालायचे, ही पद्धत आपल्याकडे तशी नवी आहे. चालणारा अंतर जाहीर करतो. नातेवाईक, शेजारी, कचेरीतले सोबती त्या निमित्ताने रक्कम कबूल करतात आणि ती रक्कम एखाद्या दवाखान्याला, शाळेला किंवा यतीमखान्याला जाते. चालणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, उलट स्वतःचा खर्च स्वतः करायचा असतो. नुसते चालून काय होणार, पैसे मागायचे तर सरळ मागा, असे म्हणणारे प्रत्येक खानदानात एक तरी असतात. त्यांचेही चूक नाही. पण माणूस सरळ मागायला लाजतो आणि देणारा सरळ मागितले की टाळतो. कुणी त्यासाठी पाय झिजवतोय म्हटले की दोघांचाही संकोच कमी होतो.

२०२० च्या रमजानमध्ये इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्स गावात दबीरुल इस्लाम चौधरी नावाचे शंभर वर्षांचे बांगलादेशी वंशाचे गृहस्थ रोजा ठेवून आपल्या इमारतीच्या सामाईक बागेत फेऱ्या मारत होते. बागेची फेरी ८० मीटरची. त्यांनी ९७० फेऱ्या पूर्ण केल्या. हिशेब केला तर ७७ किलोमीटरच्या वर अंतर होते, तेही रोज थोडे थोडे. कोरोनाग्रस्तांसाठी त्यांनी लाखो पौंड जमवले आणि त्याच वर्षी त्यांना ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. आपल्या मुंबईतले उदाहरण द्यायचे तर १९८७ साली सुनील दत्त मुंबईहून अमृतसरच्या सुवर्णमंदिरापर्यंत सुमारे २००० किलोमीटर चालत गेले. ७८ दिवस लागले. मुलगी प्रिया सोबत होती. ती चाल पैशांसाठी नव्हती, अमनसाठी होती. पण बाप-लेकीने मिळून एवढे अंतर कापले, ही गोष्ट घरच्यांबरोबर चालू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

मदतनिधीच्या लांब चालीचा सर्वात प्रसिद्ध नमुना म्हणजे ट्रेलवॉकर. १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये ब्रिटिश फौजेतल्या गुरखा सैनिकांचा सराव म्हणून तो सुरू झाला. तिथल्या मॅक्लेहोस नावाच्या डोंगरवाटेने १०० किलोमीटर जायचे असे ठरले. १९८६ पासून सामान्य नागरिकांनाही भाग घेता येऊ लागला आणि ऑक्सफॅम हाँगकाँग त्यात आली. पुढे तो अनेक देशांत गेला. २०१२ पासून काही वर्षे भारतात बेंगळुरूजवळ आणि आपल्याकडे कर्जतच्या परिसरातही भरला. नियम साधे आहेत: चौघांची टीम, १०० किलोमीटरला ४८ तास, छोट्या गटात ५० किलोमीटरला २४ तास. चौघांनी सोबत निघायचे आणि सोबत पोहोचायचे. एकटा पुढे धावला तर त्याला वेगळी शाबासकी नाही.

या एका अटीत सगळ्या तयारीचे सूत्र आहे. टीमचा वेग म्हणजे तिच्यातल्या सर्वात हळू माणसाचा वेग. म्हणून तयारीचा आराखडा घरातल्या धडधाकट भाच्याला पाहून आखायचा नाही. पन्नाशीच्या खालाजानला किंवा दिवसभर दुकानात बसून असणाऱ्या भाईजानला पाहून आखायचा.

वेळेचा हिशेब

सपाट रस्त्यावर साधारण माणूस तासाला ५ किलोमीटर चालतो. ५० किलोमीटरला नुसत्या चालण्याचे दहा तास झाले. मुदत २४ तासांची म्हणजे खाणेपिणे, नमाज, विश्रांती सगळे धरून तासाला दोन किलोमीटरपेक्षा थोडे जास्त पडले तरी भागते. मग अवघड काय आहे? चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक अंदाज सांगितला होता, तो आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास वाढवा. सह्याद्रीत तर हा अंदाजही कमी पडतो, कारण दगडाळ उतार चढापेक्षा जास्त वेळ खातो आणि गुडघे धरतात ते उतरतानाच. उतारावर पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि हातात काठी असली तर लाजू नये.

म्हणजे वेळ पुरतो, दमही बहुतेकांचा पुरतो. माणूस मध्येच थांबतो तो पायाला आलेल्या फोडांमुळे, बिघडलेल्या पोटामुळे किंवा सोबत्यांशी झालेल्या कुरबुरीमुळे. सराव या तिन्हींचा करायचा असतो.

सोळा आठवडे

ज्यांना रोज अर्धा-पाऊण तास चालायची सवय आहे त्यांना ५० किलोमीटरसाठी सोळा आठवडे पुरतात. ज्यांना अजिबात सवय नाही त्यांनी आधी दोन महिने फक्त रोजचे चालणे पक्के करावे. या चाली बहुतेक हिवाळ्यात असतात, त्यामुळे सराव पावसाळा सरताना सुरू होतो आणि सुरुवातीचे आठवडे ऑक्टोबरच्या उन्हात जातात. फजरनंतर लगेच निघालेले बरे.

आठवड्यात चार दिवस पुरेसे आहेत. दोन दिवस ४५ मिनिटे झपझप चालायचे. एक दिवस चढ, म्हणजे जवळ टेकडी असेल तर टेकडी, नसेल तर इमारतीचा जिना. आणि रविवारी लांब चाल, शक्यतो सगळ्यांनी मिळून. पहिल्या चार आठवड्यांत रविवारची चाल ५ पासून १० किलोमीटरपर्यंत न्यावी. आठव्या आठवड्यापर्यंत १८, बाराव्यापर्यंत २८. तेराव्या किंवा चौदाव्या आठवड्यात एकदाच ३२ ते ३५. त्यापुढे जायची गरज नाही. उरलेले अंतर त्या दिवशी टीम पार करून नेते. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून शरीराला सावरू द्यायचे आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तर निम्म्यावर यायचे. आमच्या शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणारी मुले असतात, तसे आदल्या आठवड्यात घाईने ३० किलोमीटर उरकणारे लोकही असतात. दोघांचा निकाल सारखाच लागतो.

दहाव्या आठवड्यानंतर दोनदा तरी शनिवारी आणि रविवारी लागोपाठ चालावे. पहिल्या दिवसाचे दुखणे घेऊन दुसऱ्या दिवशी उठता येते का, ते तिथे कळते. एकदा रात्री चालावे. डोक्याला बांधायची टॉर्च, तिचे जादा सेल, अंधारात वाटेच्या खुणा शोधणे हे सगळे आधी करून पाहिलेले असले पाहिजे.

जागा शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे, पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडी, नागपुरात सेमिनरी हिल्स. माथेरानला वाहनांना बंदी असल्याने लहान मुलांना घेऊन चालायला ती उत्तम जागा आहे. औरंगाबादकरांना तर दौलताबादमार्गे खुलताबादपर्यंतची साधारण २५ किलोमीटरची वाट घराजवळच आहे, मध्ये घाटाचा चढही मिळतो. मात्र हमरस्त्यावर चालताना उजव्या बाजूने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते.

डबा कोण करणार?

घरच्यांसोबत सराव करायचा म्हटले की चर्चा बूट आणि टॉर्चपासून सुरू होते. खरी अडचण सकाळी सहा वाजता कळते. पुरुष मंडळी फजर पढून परस्पर चालायला जातात आणि बायका डब्याच्या कामाला लागतात. टीममध्ये नाव चौघांचे आणि सराव दोघांचा, असे होते. मग चालीच्या दिवशी ‘हिच्यामुळे उशीर झाला’ म्हणायला सगळे मोकळे. म्हणून भिंतीवर सरावाचे वेळापत्रक लावाल तेव्हा त्याच्या शेजारी चालायच्या दिवशी डबा कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार आणि अम्मीच्या औषधाची वेळ कोण सांभाळणार, हेही लिहा. आमच्या घरी हा कागद लावल्यापासून मंगळवारची पोळी थोडी जाड असते, पण सराव चुकत नाही.

पोशाखाचेही स्पष्ट बोलावे. अबाया किंवा बुरखा घालून लांब चालता येते, पण कापड हलके आणि घाम लवकर सुकणारे हवे. घेर पायात येणार नाही आणि खालची कड घोट्याच्या वर राहील असा शिवून घ्यावा, कारण दगडांच्या उतारावर लोंबणारी कड पायाखाली येते. टाचण्यांऐवजी डोक्यावरून ओढून घालायचा स्कार्फ बरा. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पहाटेच्या अंधारात काळा पोशाख वाहनचालकाला दिसत नाही. प्रकाश पडला की चमकणारी पट्टी शिवून घ्यावी किंवा वरून जाळीचे चमकणारे जाकीट घालावे. काळा ट्रॅकसूट घालणाऱ्या पुरुषांनाही हे तितकेच लागू आहे. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे याची माहिती आधी काढून ठेवावी. ते माहीत नसले की बायका पाणी पिणे टाळतात आणि दुपारी चक्कर येऊन बसतात.

बहुतेक मोठ्या चालींना १८ वर्षांची अट असते. लहान मुलांना तरीही सोबत घ्यावे. रविवारचे पहिले ५ किलोमीटर त्यांचे, नंतर ती नानीबरोबर घरी. चालीच्या दिवशी ठरलेल्या थांब्यांवर कोरडे मोजे, जेवण आणि पाणी घेऊन उभी राहणारी मंडळी लागतात, तिथे मोठ्यांबरोबर मुलेही कामी येतात. सातवीतल्या मुलीला वेळ आणि अंतराची वही सांभाळायला द्या. गणिताच्या तासाला वेग, वेळ, अंतर न समजणारी मुले इथे पटकन शिकतात.

पाय

फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता एकत्र आल्यावर. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यामुळे लांब चालीला ते नकोत. कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरमिश्रित मोजे घ्यावेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठाभर जागा राहील इतके मोठे घ्यावेत. नवे बूट थेट चालीच्या दिवशी घालणे म्हणजे फोडांना दावत. नखे आडवी सरळ कापावीत. बोटांच्या मध्ये आणि मांड्यांना व्हॅसलिन लावावे. पायात कुठे चटका बसतोय असे वाटले की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावायची. पुढच्या थांब्यावर बघू म्हटले की फोड आलाच समजा.

आपल्या लोकांसाठी यात एक जादा मुद्दा आहे तो वुजूचा. पाय धुऊन ओले असतानाच मोजे चढवले तर पुढच्या दहा किलोमीटरमध्ये फोड ठरलेला. छोटा टॉवेल सोबत ठेवावा, बोटांच्या मधली जागाही पुसून कोरडी करावी, दोन मिनिटे हवा लागू द्यावी आणि मगच मोजे घालावेत. त्याच वेळी चौघांनी एकमेकांचे पाय पाहून घ्यावेत. वुजूचे थांबे आणि पायांच्या तपासणीचे थांबे एकच ठेवले की वेळही वाचतो. मोज्यांवर मसह, कसर आणि दोन नमाजा एकत्र करणे या बाबतीत कोकणातल्या शाफई घराण्यांची आणि इतर भागातल्या हनफी घराण्यांची उत्तरे वेगळी असू शकतात. निघण्याआधी आपापल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. डोंगरात उभे राहून मसल्यावर वाद घालू नये.

खाणे, पाणी, साखर

दर पाऊण तासाला थोडे खावे, भूक लागायची वाट पाहू नये. खजूर, केळी, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, खारे शेंगदाणे, लोणच्यासोबत छोटी पोळी एवढे पुरते. बिर्याणी पोहोचल्यावर. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिणेही धोक्याचे असते, कारण घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही आणि रक्तातले सोडियम घसरते. डोके जड होणे, मळमळ आणि गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे. क्षारसंजीवनी घरीही करता येते: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठ किती चालेल ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मधुमेह आपल्यात घरोघरी आहे, म्हणून हा भाग वाचून सोडून देऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर लांब चालताना एकदम उतरू शकते. हात थरथरतात, थंड घाम सुटतो, माणूस विनाकारण चिडतो किंवा अडखळत बोलतो. अशा वेळी थकला असेल म्हणून त्याला पुढे ढकलायचे नाही. तिथेच बसवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, नाहीच वाढली तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना फोड आलेला कळतच नाही, त्यांचे पाय दुसऱ्याने पाहायचे. औषधाचा डोस चालीच्या दिवशी कसा ठेवायचा, हे सरावाच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आणि चढावर छातीत दाब येतो, थांबले की जातो, असे कुणाला होत असेल तर त्याने सराव सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. हे दुखणे गॅसचे म्हणून उडवून लावायची सवय फार वाईट.

रमजान सरावाच्या काळात आला तर लांब चाल बंद. इफ्तारआधी वीस मिनिटे किंवा तरावीहनंतर अर्धा तास हलके चालणे पुरे, बाकी तयारी ईदनंतर.

एकत्र चालण्याची शिस्त

सर्वात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला की बाकीचे पुढे जाऊन थांबतात, तो धापा टाकत पोहोचतो आणि तोवर यांची विश्रांती संपलेली असते, लगेच उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. वेळ पाहणारा एक, खाण्याचे लक्ष ठेवणारा एक, मलमपट्टीची पिशवी एकाकडे, नकाशा आणि फोन एकाकडे अशी कामे सरावातच वाटून घ्यावीत. ‘थांबू या’ म्हणायचा हक्क चौघांनाही सारखा. सासू-सून किंवा वरिष्ठ-कनिष्ठ एकाच टीममध्ये असतील तर हे आधी बोलून घेणे जास्तच गरजेचे. सुनेने थांबू या म्हणायला संकोच करायचा आणि पायाची वाट लावून घ्यायची, हे बरे नाही.

पैशाचा हिशेब

पायांइतकीच तयारी हिशेबाची हवी. मित्रांनी आपसात ठरवून लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि नंतर संस्थेला द्यायची, हा रस्ता टाळावा. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय निधी जमवायचा तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी खाली परवानगी लागते. गणेश मंडळे हीच परवानगी काढतात. सोपा मार्ग म्हणजे नोंदणीकृत संस्था निवडायची आणि देणाऱ्याने रक्कम थेट तिच्या खात्यात भरायची. आपल्या हातात पैसा येतच नाही, म्हणून बोट दाखवायलाही जागा राहत नाही. आयकराची ८०जी सवलत हवी असणाऱ्यांना सांगावे की रोख २००० रुपयांच्या वरच्या देणगीवर ती मिळत नाही आणि ती जुन्या कर पद्धतीतच आहे.

कोकणातल्या कितीतरी घरांतले लोक कुवेत, दुबई, कतारला असतात आणि पहिला फोन त्यांनाच जातो. नातेवाईक भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण लंडन किंवा केपटाऊनच्या ज्या चाचांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी परदेशीच ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. ती फक्त एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. ‘माझ्या खात्यात टाका, मी देतो’ ही मदत संस्थेला अडचणीत आणते.

कोणी जकातीची रक्कम देत असेल तर तिची नोंद वेगळी हवी. जकातीचे हक्कदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरवून दिलेले आहेत. इमारत दुरुस्ती किंवा यंत्रसामग्रीसाठी चाललेल्या मोहिमेत जकात घालता येईल का, हे आलिमांना विचारून मगच आवाहनात तसे लिहावे. टी-शर्ट, बस, नाश्ता, नावनोंदणीची फी यांतला एक रुपयाही देणगीतून जाऊ नये, तो चालणाऱ्यांनी आपल्या खिशातून करावा. आवाहन करताना रक्कम कशासाठी लागते ते नेमके लिहा. ‘गरिबांसाठी’ एवढ्यावर लोक हजार रुपये देतात आणि विसरतात. किती डायलिसिस, किती मुलांची वर्षाची फी, असे संस्थेकडून आकडे घेऊन लिहिले की देणारा पुन्हा विचारपूस करतो.

चाल झाल्यावर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागेल, एखादे नख काळे पडेल, ते पूर्ण नवे यायला बरेच महिने लागतात. आठवडाभर फक्त हलके चालावे. त्याच आठवड्यात संस्थेकडून एकूण जमा रकमेचे पत्र घ्यावे आणि देणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पन्नास रुपये देणाऱ्या शेजारच्या मुलालाही, पावती पोहोचली का ते विचारून घ्यावे.